पाणक्याचा चेहरा

१

त्या सकाळी मी आमच्या संग्रहालयाच्या तिकिटाच्या खिडकीत बसून चहा निवायची वाट बघत होतो, आणि आतून डॉक्टरीणबाई किंचाळल्या. या बाई माणसांच्या नव्हे, चित्रांच्या डॉक्टर. जुन्या चित्रांची साफसफाई, डागडुजी हे त्यांचं काम. एरवी पाल अंगावर पडली तरी ‘अगंबाई’ म्हणणार नाहीत अशा बाईंची किंकाळी ऐकून माझा अर्धा चहा मांडीवर सांडला आणि मी तसाच धावत सुटलो.

त्या पाणक्याच्या दालनात उभ्या होत्या. एक हात तोंडावर, दुसरा भिंतीकडे.

आमच्या गावाला अभिमानाने सांगण्यासारखा एकच माणूस झाला, तो एकोणिसाव्या शतकातला एक चित्रकार. पुढे त्याने सेनापती रंगवले, राण्या रंगवल्या, आणि ती सगळी चित्रं मोठमोठ्या शहरांनी पळवली. आमच्या वाट्याला राहिलं ते त्याच्या विशीतलं एक चित्र, घरी पाणी भरायला येणाऱ्या पाणक्याचं. खांद्यावर कावड, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, कोपरापर्यंत भिजलेल्या बाह्या. कितीतरी वर्षं त्याला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. मग कुठल्याशा विद्वानाने लेख लिहिला आणि गेल्या दहा-बारा वर्षांत त्याचं नाव झालं. आता परवा ते राजधानीतल्या मोठ्या प्रदर्शनाला निघणार होतं.

मी भिंतीकडे बघितलं. कावड होती. भिजल्या बाह्या होत्या. डोक्याचं फडकं होतं, मान होती. मध्ये चेहरा नव्हता.

ओरखडा नाही, फाटलेलं नाही, काही नाही. जिथे काल-परवापर्यंत गालाची हाडं, खुरटी दाढी आणि डोळे होते तिथे मातीच्या रंगाचा एक गुळगुळीत गोल होता. मला भलतंच भरून आलं. माणूस मेलेला बघणं वेगळं. हा उभा होता, कावड पेलत होता, फक्त तोंड नव्हतं त्याला.

साहेब आले. आमचे संचालक. त्यांनी बघितलं आणि मटकन बाकावर बसले. मग त्यांनी विचारलं.

“काल सुट्टी होती. ड्यूटीवर कोण होतं?”

दारात मामा उभे होते. आमचे पहारेकरी. सगळ्या जगाचे मामा.

“मी होतो साहेब.”

“मग? कुठे गेला हा?”

मामांनी कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीने पुसला. रोजचा टॉवेलही खांद्यावर टाकायला विसरला होता बिचारा, इतका हादरला होता. हादरणारच. पाणक्या म्हणजे त्याचा खापरपणजोबा. हे काही कागदावर नाही, पण कागद हवा कशाला? चित्राखाली मामा उभे राहिले की शाळेची पोरं हमखास ओरडायची, “मामा, हे तुम्हीच!” तेच नाक, तीच हनुवटी. चित्राशेजारच्या पाटीवरसुद्धा साहेबांनी लिहून घेतलं होतं की पाणक्याचा वंशज आजही इथे सेवेत आहे. मामा ती पाटी स्वतः पुसायचे.

“मामा, मी पोलिसांना फोन करतोय,” साहेब म्हणाले. “तुम्ही बोलणार नसाल तर तिथे बोलाल. निवृत्तीला चार महिने राहिलेत ना? पेन्शन विसरा.”

माझ्या डोळ्यांपुढे मामांची आई आली. म्हातारी आंधळी आहे, अंथरुणाला खिळलेली. घरात दोघंच. मामांची पेन्शन गेली तर त्या घरात काय उरणार?

“फोन जरा थांबवा,” मागून एक आवाज आला. “आधी मला बघू दे.”

२

ही विमाबाई. विमा कंपनीकडून प्रवासाआधी चित्र तपासायला ती त्या सकाळी येणारच होती. बुटकी, रुंद, कापडी पिशवी आणि गळ्यात भिंग. या बाईने म्हणे नुसता वास घेऊन एक जळालेलं गोदाम मालकानेच पेटवलंय हे सांगितलं होतं. साहेबांनी तिला पाणी देऊ केलं, तिने हातानेच नको म्हटलं आणि चित्राजवळ गेली.

“काल कोण कोण आलं होतं इथे?”

मामांनी खाली मान घालून सांगितलं. सकाळी डॉक्टरीणबाई विसरलेला चष्मा न्यायला आल्या होत्या. दुपारी साहेब आपल्या खोलीत काम करत होते. आणि मास्तर आले होते. मास्तर म्हणजे शाळेतले जुने चित्रकलाशिक्षक. आता ऐंशी उलटलेत, हात थरथरतात, डोळ्यांत मोतीबिंदू, पण दर सुट्टीला येऊन पाणक्यासमोर बसतात. मामा त्यांना मागच्या दाराने आत घेतात.

“म्हणजे तुम्ही धरून चौघं,” विमाबाई म्हणाली. मग तिने फरशीकडे बघितलं. “इथे कोपऱ्यात एवढी धूळ? बाकी दालनं आरशासारखी आहेत.”

“इथे ओलं फडकं आणायचं नाही, असा नियम आहे,” मी सांगितलं. “फक्त केरसुणी. फार जुना नियम. मोठ्या साहेबांनी, म्हणजे तेव्हाच्या संचालकांनी, घातलेला.”

“का?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खरंच, का? मी इतकी वर्षं इथे आहे, कधी विचारलं नाही. हे मोठे साहेब वारूनसुद्धा जमाना झाला.

“दमट हवा,” साहेब ठामपणे म्हणाले. साहेबांना माहीत नसलेली गोष्ट ते नेहमी ठामपणे सांगतात.

विमाबाईने स्टूल मागवलं, वर चढली, आणि खिडकीकडून येणारा उजेड चित्रावर तिरका पडेल अशी मान करून बराच वेळ बघत राहिली. “डॉक्टरीणबाई, इकडे या. ही मान चमकते आहे. फडकं चमकतंय. आणि चेहऱ्याची रिकामी जागा?”

डॉक्टरीणबाई टाचा उंचावून बघू लागल्या. “ती पण चमकतेय,” त्या हळूच म्हणाल्या.

“कशामुळे?”

“वॉर्निश. रंगकाम संपल्यावर सगळ्यात शेवटी...” आणि त्या थांबल्या.

विमाबाईचं बोट आता चौकटीच्या खालच्या पट्टीवरून फिरत होतं. सोनेरी मुलाम्यावर, धुळीत, एक वाळलेला ठिपका होता. गव्हाळ रंगाचा, मसुराएवढा. बाईने बोट जिभेला लावलं, ओलं केलं आणि ठिपक्यावर टेकवलं. उचललं तर बोटाच्या टोकाला माणसाच्या कातडीचा रंग लागला होता.

डॉक्टरीणबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

“दीडशे वर्षांचा तैलरंग थुंकीने सुटतो का हो?” विमाबाईने विचारलं.

“जन्मात नाही.”

“हा सुटला. म्हणजे हा जलरंग आहे. आणि तो वॉर्निशच्या वर होता, कारण तो गेला तरी खालचं वॉर्निश शाबूत आहे.” ती स्टुलावरून उतरली. “साहेब, तुमच्या चित्रकाराने चित्र पूर्ण केलं, वॉर्निश लावलं. त्याच्यानंतर कधीतरी दुसऱ्याच कुणीतरी त्यावर चेहरा काढला. ज्या चेहऱ्यासाठी लोक रांगा लावतात तो तुमच्या चित्रकाराचा नव्हताच.”

साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पण माझं लक्ष मामांकडे गेलं. त्यांनी भिंतीचा आधार घेतला होता, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

३

विमाबाईने एकेकाला साहेबांच्या खोलीत बोलावलं. मला कोपऱ्यात बसवलं, बहुधा माझा चेहरा निरुपद्रवी वाटला असावा.

डॉक्टरीणबाई आधी आल्या.

“परवा तुम्ही चित्रावर काय काम केलंत?”

“वर मेणाचा जुना थर होता. काळवंडलेला. तो अख्खा काढला. आज नवं वॉर्निश लावणार होते.”

“म्हणजे कालचा एक दिवस चित्र उघडं होतं.”

“हो. पण मेण काढताना चेहऱ्याला काही झालं नाही! मी जे द्रावण वापरते त्याने जलरंग हलत नाही. पाणी मी वापरलंच नाही. फक्त...” त्या लाजल्या. “बाहीवर डाग होते माश्यांचे. ते थुंकीने काढले.”

“थुंकीने?” मी न राहवून म्हणालो.

“कापसाला थुंकी लावून. सगळे असंच करतात हो. थुंकीइतकं सौम्य आणि मुरलेला मळ काढणारं दुसरं काही नाही. पण मामांनी बघितलं आणि तांडव केलं. ‘माझ्या पणजोबावर थुंकतेस?’ म्हणाले. मी समजावलं तर जास्तच चिडले. मी चेहऱ्यापर्यंत पोचलेच नाही, त्यांनी मला हाकलून लावलं.”

“चेहऱ्याबद्दल तुम्हाला काही वेगळं जाणवलं होतं?”

डॉक्टरीणबाई मग एकदम बोलल्या, “मेण निघाल्यावर चेहरा कोरडा दिसत होता. बाकी चित्र चमकतंय आणि चेहरा खडूसारखा. मी साहेबांना सांगितलं, की दिव्याखाली तपासू या. ते म्हणाले, चित्र परत येईपर्यंत दिवा लावायचा नाही.”

साहेबांना बोलावल्यावर त्यांनी आधी आवाज चढवला, मग उतरवला. “हो, म्हणालो तसं. राजधानीचं आमंत्रण काय रोज येतं? त्या मुलीला वाटलं काहीतरी, म्हणून मी पाय मागे घेऊ? पण मी चेहरा का पुसेन? त्या चेहऱ्यावर तर माझी खुर्ची टिकून आहे!”

“खरं आहे,” विमाबाई म्हणाली. “तुमचं तुमच्या खुर्चीवर फार प्रेम आहे.”

साहेबांना हे कौतुक की टोमणा ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग मास्तरांना आणायला मी गेलो. त्यांचं घर मागच्याच गल्लीत. बाईने बजावलं होतं, की त्यांना एवढंच सांगायचं, पाणक्याचा चेहरा गेला. त्यापुढे चकार शब्द काढायचा नाही. मी तेवढंच सांगितलं. मास्तर दाराची चौकट धरून उभे होते. त्यांच्या पांढुरक्या डोळ्यांतून माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांनी एकच विचारलं.

“पाणी कुणी लावलं?” ते म्हणाले.

४

मास्तर खुर्चीत बसले तेव्हा त्यांच्या काठीचा टकटक आवाज होत होता, इतका हात थरथरत होता. साहेब दारातच उभे होते. “यांनीच केलं!” ते म्हणाले. “पाण्याचं यांना कसं माहीत? काल दालनात एकटे बसले होते!”

“मास्तर,” विमाबाई म्हणाली, “तो चेहरा तुम्ही काढला होता.”

ती विचारत नव्हती. मास्तरांनी मान हलवली, जणू कित्येक वर्षं ते याच वाक्याची वाट बघत होते.

“तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो,” ते म्हणाले. “इथलं छप्पर गळलं. बरोबर त्याच्या तोंडावर. रंग पोपडे धरून खाली आला, झाडून भरावा लागला. तळाचा मातकट लेप तेवढा उरला. आठवड्याने मंत्री येणार होते. मोठ्या साहेबांनी मला दाराआड घेऊन सांगितलं, चेहरा भर, कुठे वाच्यता नको. मी जुन्या पद्धतीने केलं. उघड्या पडलेल्या जागेवर आधी वॉर्निश, त्यावर जलरंग, वर मेण. का? कारण उद्या कुणी माझ्याहून शहाणा आला तर त्याला माझं काम धुऊन टाकता यावं. लबाडी केली बाई, पण धुता येईल अशी केली. मोठ्या साहेबांना म्हणालो, याला पाण्यापासून जपा. त्यांनी नियम घातला. कारण मात्र कुणाला सांगितलं नाही, आणि मग ते गेले.”

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“आधी नोकरीच्या भीतीने. मग नाव होत गेलं, पुस्तकं निघाली, तसतसं तोंड उघडणं अवघड होत गेलं.”

साहेबांनी खिशातून फोन काढला. “पुरे झालं. लबाडी उघडी पडणार म्हणून यांनीच काल पुसून टाकलं. अजून काय पुरावा हवा?”

मास्तरांनी उलट हात पुढे केले, जणू बेड्या घालून घ्यायच्या आहेत. त्याच क्षणी दारातून मामांचा आवाज आला. फाटलेला, ओळखू न येणारा.

“त्यांना सोडा साहेब!”

५

“थांबा मामा,” विमाबाई म्हणाली. “मला सांगू दे. तुम्ही सांगायला लागलात तर आधी स्वतःला शिव्या द्याल, आणि मुद्दा राहून जाईल.”

तिने आम्हा सगळ्यांना पुन्हा चित्रासमोर नेलं.

“हे बघा. ज्याला चेहरा नाहीसा करायचा आहे तो घासतो. डोळ्यांपासून सुरू करतो, कडेला रंग पसरतो, फराटे उठतात. इथे एकही फराटा नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा रंग एकदम उचलला गेलाय, कानामागचासुद्धा. मास्तरांच्या हाताने हे होणार नाही, त्यांना काठी धरवत नाही. डॉक्टरीणबाई पाण्याच्या वाटेला जाणार नाहीत, त्यांच्याकडे सतराशे साठ बाटल्या आहेत. साहेबांची खुर्ची आपण बघितलीच. आणि मुख्य म्हणजे हे ज्याने केलं त्याला चेहरा पुसायचा नव्हताच. त्याला चेहरा धुवायचा होता.”

तिने दोन्ही हात हवेत पसरून दाखवले.

“ओला टॉवेल तोंडावर अंथरायचा, मळ भिजू द्यायचा, मग हळूच टिपून घ्यायचा. असं तोंड कुणाचं धुतात? ज्याच्या कातडीला घासणं सोसत नाही त्याचं. फार म्हाताऱ्या माणसाचं.” ती मामांकडे वळली. “मामा, तुमच्या घरी कोण आहे?”

“आई.”

“तिचं तोंड कोण धुतं?”

“मीच,” मामा म्हणाले, आणि त्यांचा बांध फुटला.

“तुमचा शर्ट विटलाय, पण उजव्या खांद्यावर एक पट्टा अजून गडद आहे. तिथे कायम टॉवेल असतो, ऊन लागत नाही. आज टॉवेल नाही. कुठे आहे?”

मामांनी शर्टाच्या आतून एक घडी काढली. आम्ही सगळे पुढे झुकलो. मला वाटलं होतं, टॉवेलवर तो चेहरा उमटलेला असेल. तसं काही नव्हतं. नुसता एक गव्हाळ डाग होता, कडेला थोडा तांबूस.

“ते थुंकीचं बघितल्यापासून मला चैन पडेना,” मामा हुंदके देत म्हणाले. “म्हटलं, पणजोबा एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालाय, त्याला स्वच्छ पाण्याने तोंड धुऊन पाठवू. नियम माहीत होता हो. पण तो फरशीचा नियम वाटला मला! टॉवेल ठेवला. जसा आईच्या तोंडावर ठेवतो तसाच. उचलला तर... साहेब, तो माझ्या हातात आला होता. सगळाच्या सगळा. मला वाटलं मी त्याला मारलं. काल रात्रभर आईच्या उशाशी बसून होतो, पण तिला सांगायची छाती झाली नाही.”

साहेबांच्या हातात फोन तसाच होता. त्यांनी विमाबाईकडे बघितलं. “आता तरी करू?”

“कशासाठी? मी लिहिणार ते ऐका. चित्रकाराच्या हाताच्या कामाला कणभरही धक्का लागलेला नाही. नंतर वर चढवलेला एक थर पाण्याने निघाला, तो ज्याने चढवला त्याने निघावा म्हणूनच चढवला होता. नुकसान शून्य. पोलिसांना काय सांगाल? आमच्या पहाऱ्यावरच्या माणसाने आमची लबाडी धुतली?”

साहेबांनी फोन खिशात ठेवला. मामांची पेन्शन वाचली होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता तरी माणसाला हायसं वाटेल. पण मामा त्या रिकाम्या गोलाकडे बघत होते.

“म्हणजे तो माझा खापरपणजोबा नव्हताच,” ते म्हणाले. “मास्तरांनी मनानेच काढलेला कुणीतरी. मग तो माझ्यासारखा कसा दिसायचा?”

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. विमाबाईच्याही नाही. तिने झटकन मास्तरांकडे बघितलं, आणि मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

६

“मनाने नाही काढला,” मास्तर म्हणाले. “मला मनाने चेहरा काढता येत नाही, समोर माणूस लागतो. मोठे साहेब म्हणाले, बाहेरचा नको, बोभाटा होईल. दारावर जो उभा आहे त्यालाच बसव.”

“दारावर कोण होतं?” मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर कळलं.

मामा वडिलांच्या जागेवर लागले होते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, रोजच्या बोलण्यातलं होतं, आणि म्हणूनच कुणी त्याचा विचार केला नव्हता. त्यांचे वडील इथेच पहारेकरी होते. इथल्याच पायऱ्यांवर छातीत कळ येऊन गेले. मामा तेव्हा पाच-सहा वर्षांचे. घरात फोटो नाही. त्या काळी पहारेकऱ्याचा फोटो कोण काढणार?

“माझे बाबा?” मामा म्हणाले.

“तुझे बाबा. या इथे, खिडकीशी बसवलं होतं त्यांना. डोक्याला फडकं गुंडाळून.”

मी आणि डॉक्टरीणबाईंनी धरून मामांना बाकावर बसवलं. ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते. “आई म्हणायची, तू हुबेहूब बापावर गेलास. मला वाटायचं, म्हणजे बापही पणजोबावरच गेला असणार.”

“मला माझ्या बाबांचा चेहरा आठवत नाही मास्तर,” मग ते म्हणाले. “कधीच आठवला नाही. नुसता हात आठवतो. आणि मी इतकी वर्षं त्यांच्या खाली उभा होतो? तुम्ही येऊन बसायचात, माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचात, आणि एकदाही बोलला नाहीत?”

“तू इतक्या तोऱ्याने पणजोबा दाखवायचास,” मास्तर रडत होते. “मला वाटायचं, याच्याकडून तेवढं मोठेपण कसं काढून घेऊ?”

“मोठेपण!” मामा ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. “मला बाप हवा होता हो!”

साहेबसुद्धा फरशीकडे बघत होते. मला मास्तरांचा संताप आला, आणि त्यांच्या ओल्या गालांकडे बघून तो टिकेनाही. मग मामाच खालच्या आवाजात म्हणाले, “कसे बसले होते ते? काही बोलले का?”

“सारखे दाराकडे बघत होते. मी तीनदा मान सरळ केली, तरी डोळे दाराकडे. शेवटी कंटाळून तसेच रंगवले. त्या डोळ्यांवर पुढे लोकांनी पानंच्या पानं लिहिली, की कष्टकऱ्याची मुक्तीची ओढ आणि काय काय. अरे, तुला ताप होता त्या दिवशी. म्हणत होते, मास्तर, आटपा हो लवकर, पोरगं फणफणलंय, मला घरी जाऊ द्या. मी सोडलं नाही. उजेड होता तोवर बसवून ठेवलं. आणि मोठ्या साहेबांनी शपथ घातली, की घरीसुद्धा सांगायचं नाही.”

मामा उठले. “साहेब, मी जरा घरी जाऊन येतो.”

साहेबांनी मान हलवली. मामांना एकट्याला सोडवेना म्हणून मी बरोबर गेलो.

म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. नवरा गेल्यावर ती संग्रहालयाची पायरी पुन्हा चढली नव्हती, आणि चित्राचं नाव झालं तोवर तिची दृष्टी गेलेली होती. मामा तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी सांगितलं. चित्र, छप्पर, मास्तर, टॉवेल. काही लपवलं नाही. शेवटी तापाचं सांगितलं, आणि ते दाराकडे बघण्याचं.

म्हातारीने हात वर केला, मामांचा चेहरा चाचपला. नाक, गाल, हनुवटी.

“त्या दिवशी अंधार पडल्यावर आले ते,” ती म्हणाली. “तू तापाने बडबडत होतास. मी विचारलं, कुठे होतात? तर सांगेनात. नुसते उभे राहिले. मी त्यांना नाही नाही ते बोलले रे. बाई ठेवलीय म्हटलं, दारू प्यायलात म्हटलं. ते गेले तोपर्यंत मी त्यांच्याशी धड बोललेच नाही.”

“आई...”

“बसवून ठेवलं होतं होय त्यांना,” म्हातारी म्हणाली, आणि मामांच्या गालावरचा हात तिने काढला नाही.